कोन्त्या नंबरचं सूत

आंधळगावहून शेवटची एसटी साडेपाचची.
ती चुकली तर रक्त वाया,
म्हणून आधी थर्मास चढवायचा, मग आपण.
कंडक्टर बोंद्रे विचारायचा, "बाई, आज कोनाचं?"
जशी मी डेअरीत दूध घालते.

रक्तातल्या पेशी जाग्या व्हायला
लाल घेवड्याचा अर्क लागतो.
विलायतेहून मागवला तर सहा महिने.
मी इतवारीतून पावशेर घेवडा आणला,
भिजवला, वाटला, गाळला.
आईला वाटलं, लेक अखेर रांधायला लागली.

बहात्तर तासांनी थंड काचेवर
हातभर उंचीवरून एक थेंब. पेशी फुटते.
मग अंधारी खोली, ओले फोटो दोरीवर,
आणि शिवणाच्या कात्रीने
एकेक गुणसूत्र कापून काढायचं.
सेहेचाळीस कपटे. श्वाससुद्धा जपून.
नागपूरच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवून
मी जोड्या लावत बसले,
सत्तावीस वर्षं.

कार्ड एकशे बारा. फागो निमजे,
धंदा कोसा विणणे, वय एकतीस.
कपटे पंचेचाळीस.
टेबलाखाली शोधलं, केरात शोधलं,
पदर झटकला.
नवी काच, नवा फोटो, पुन्हा पंचेचाळीस.
तेव्हा दिसलं: चौदावं आणि एकविसावं
एकमेकाला चिकटून एकच झालेलं.
हरवलं काहीच नव्हतं.

कौतिकाचं कार्ड एकशे तेरा. सगळं जागच्या जागी.
पाच गर्भ गळले होते तिचे.
तुळसा सहावी, तिरप्या डोळ्यांची,
मान धरायला उशीर लागलेली.
सासूने कौतिकाच्या हातचं पाणी सोडलं होतं.

कौतिका थांब्यापर्यंत आली माझ्या मागे.
"माह्यावरच राहू द्या, बाई. मले सवय हाय.
त्याचा हात हालला तं घर कसं चालन?"
गाडी सुरू झाली होती. मी मान हलवली.
कशासाठी हलवली, ते अजून नीट सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला मागाशेजारी बसून
मी गुणसूत्र हा शब्द उच्चारला.
फागोने धोटा थांबवला.
"सूत्र म्हंजे सूतच ना? कोन्त्या नंबरचं?"
"चौदा आणि एकवीस."
"चौदा तं जाडंभरडं. आमी नाई इनत."
मग ताण्यात बोट घालून त्याने एक गाठ वर काढली.
"असं झालं हाय? दोन धाग्याची एक गाठ?"
असंच.
"मंग कापड तं पुरं निघते."
निघतं, म्हटलं. पुढे धागे वाटताना अडतं.
कोणाचं सूत, ते त्याने विचारलं नाही.
बराच वेळ फणीकडे बघत राहिला.

निबंधात मात्र मी सगळं खरं लिहिलं:
एक चौकोन, अर्धा काळा.
शेजारी तुलनेसाठी निर्दोष नमुना,
स्त्री, वय एकोणतीस. ती मी.
माझं रक्त फुकट मिळायचं.

निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात कार्ड पर्समध्ये घालून गेले.
मागाच्या खड्ड्यात भर घातलेली, वर आटाचक्की.
फागोला जाऊन चार वर्षं झालेली.
मी पर्स उघडली. कौतिका म्हणाली, "ठेवा ते.
त्याले मालूम होतं.
तुमी गेल्या त्याच दिशी, आईच्या समोर,
माह्या हातचं पानी मांगून पेला तो.
मंग रोज."

तुळसा ओट्यावर कांडी भरत होती.
तिच्यासाठी कोणीतरी रंगीत सूत आणून ठेवतं.
मला बघून तिने लडीचं एक टोक
माझ्या दोन हातांवर चढवलं, आणि गुंडाळू लागली,
चक्कीच्या आवाजात काहीतरी पुटपुटत,
सावकाश, गुंता आला की थांबून.
रस्त्यावर साडेपाचची गाडी
हॉर्न वाजवून गेली.
माझे हात अडकलेले होते.